थोरल्या शेडातली हवा

गेल्या आठवड्यापासून आभाळ आलंय. पाऊस धड पडत नाही आणि ऊनही पडत नाही. तूर फुलात आहे, अशा हवेत अळी पडते, म्हणून लोह्याच्या बाजाराला जाणारा जो तो फवारणीचंच बोलतोय. सकाळ टळली तरी हरभऱ्यावरचं दव जात नाही. बांधावरून चालत गेलं की लुगड्याचा काठ भिजून पायाला चिकटतो. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, त्यांना आंबूस वास धरतो. मार्गशीर्षात ही हवा दरवर्षी येतेच असं नाही. पण आली की सगळे तुरीकडे बघतात आणि मी कोंबड्यांच्या शेडाच्या पडद्यांकडे बघते.

लहानपणी मला ही हवा आवडायची. माझं माहेर अहमदपूरचं. अशा दिवशी आई ज्वारीच्या कण्या शिजवायची, आम्ही भावंडं चुलीपुढे दाटीवाटीनं बसायचो आणि ताटलीतली वाफ तोंडावर घ्यायचो. बाहेर सगळं राखाडी आणि आत उबदार. दार लावून घेतलं की बरं वाटायचं. लावलेल्या दाराचं भय वाटावं असं तोवर आयुष्यात काही घडलं नव्हतं.

ते घडलं इथे, सासरी. लोह्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. माझे मालक माधव आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सारं गाव अप्पा म्हणतं. अप्पांच्या बायकोचं, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव कुशावर्ता. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. आमच्याकडे थोरल्या दिराशी धाकट्या भावाच्या बायकोनं तोंडावर बोलायची पद्धत नाही. अप्पा दिसले की मी डोक्यावर पदर घेते आणि बाजूला होते. त्यामुळे अप्पांचा माझ्याबद्दलचा समज आणि माझा त्यांच्याबद्दलचा समज, दोन्ही न बोलता वाढत गेले.

वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडची काळी जमीन अप्पांनी घेतली आणि वरचा मुरमाड माळ आम्हाला आला. थोरल्याचा मान म्हणून कोणी काही बोललं नाही. त्यांनी ते जाणूनबुजून केलं असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं. पुढे दोघा भावांनी कोंबड्यांची शेडं टाकली. कंपनी पिल्लं देते, दाणा देते, औषध देते. आपण वाढवायची आणि मोठी झाली की त्यांची गाडी येऊन घेऊन जाते. अप्पांचं शेड गाडीला सोयीचं म्हणून रस्त्याच्या कडेला, खोलगटात, नाल्याजवळ. आमचं माळावर, कारण आमच्याकडे दुसरी जागाच नव्हती. दोन्ही शेडांच्या मध्ये एक हाक जाईल एवढं अंतर. बोअर एकच, टाकी एकच. पाणी उतारानं जावं म्हणून टाकी आमच्या माळावर बसवली होती. तिथून एक पाइप आमच्याकडे, एक अप्पांकडे.

त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर एकाच गाडीतून दोन्ही शेडांत पिल्लं उतरली. पिल्लं येतात तो दिवस मला फार आवडतो. डबे उघडले की आतून जो चिवचिवाट येतो तो एका आवाजाचा वाटत नाही, धो धो पाण्यासारखा वाटतो. भाताच्या तुसाची नवी गादी अंथरलेली असते. ते तूस बिलोलीकडून, तेलंगणाच्या हद्दीवरच्या गिरणीतून येतं. त्याला कोरडा, गोडसर वास असतो. पिल्लं त्यावर पिवळ्या फुलांसारखी पसरतात आणि कुठं जावं हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही. ऊब वाटेल तिथं जमतात, गरम झालं की पांगतात. कुठं बरं आहे आणि कुठं नाही, हे ती पायांनी सांगतात. बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

मग हे असंच आभाळ आलं. पक्षी विक्रीला येत आले होते, अंगानं भरलेले होते. एका सकाळी मी टाकीवर चढून पाणी बघत होते, तेव्हा अप्पांच्या शेडाच्या दारात मेलेल्या पक्ष्यांचा ढीग दिसला. एखाददुसरा पक्षी रोज मरतो, त्याचं कोणी मनावर घेत नाही. पण हे आदल्या संध्याकाळी नीट दाणा खाणारे, मोठे पक्षी होते. माधव खाली गेला. मी मागोमाग बांधापर्यंत गेले. अप्पांनी एक पक्षी पंखाला धरून उचलला होता. पंखाखालची कातडी निळसर काळी पडलेली, ओली. पिसं हात लागताच सुटत होती. मांडीच्या आतही तसंच. वास असा, की पोत्यात सडलेले बटाटे कोणी उपडे करावेत.

"तुझ्यातले किती गेले?" अप्पांनी विचारलं.

"रोजच्यासारखेच," माधव म्हणाला.

"एका गाडीतली पिल्लं. एकच दाणा. एकच पाणी." अप्पा माधवकडे न बघता टाकीकडे बघत होते. "मग माझेच कामून मरून राहिलेत?"

  त्या 'कामून'मध्ये, म्हणजे 'का'मध्ये, विचारणं नव्हतं, आळ होता, हे पदराआडूनही मला ऐकू आलं.

मग गावात ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं करणी. अप्पांच्या शेडाच्या दाराला लिंबू आणि बिबवा लटकला. कंपनीचा सुपरवायझर येऊन दारातूनच आत डोकावला, पाण्यातून द्यायचं औषध ठेवून मोटारसायकलवर निघून गेला. आमच्या घरी माधवला दाण्याचा संशय होता, मला पिल्लांचा. गाडी आधी अप्पांकडे थांबली होती, वरचे डबे त्यांच्याकडे उतरले. वरच्या डब्यांतच काही खोट असेल, कंपनीला ती ठाऊक असेल, असं मला वाटत होतं. म्हणजे आमच्या चुलीवरही संशयच शिजत होता, फक्त नाव दुसऱ्याचं होतं.

अप्पांनी त्यावर जो इलाज केला तो सगळ्या रस्त्याला दिसत होता. शेडाच्या दोन्ही लांब बाजूंना जाळी असते आणि जाळीवर खालीवर होणारे पडदे. हवा खेळावी म्हणून दिवसा ते उतरवून ठेवायचे. अप्पांनी ते पार वरपर्यंत ओढले. खालच्या काठावर माती दाबली. जिथं पडदा फाटका होता तिथं ताडपत्री ठोकली. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटलं, थंडीसाठी करतोय. पण बाईंनी मला हळूच सांगितलं, की कोणीतरी जाळीतून आत काही टाकतंय असं त्यांच्या मनानं घेतलंय.

"कोन टाकतंय म्हन्तेत?" मी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग वर आमच्या माळाकडे बघितलं.

त्यानंतर बाईंनाही शेडात जाणं बंद झालं. त्या माझ्याशी बोलतात, हे कारण. एरवी तुसाची गादी खालीवर करायचं, ओली जागा कोरडी करायचं काम बाईच करायच्या. अप्पा दाणापाणी टाकायचे, मेलेले उचलायचे आणि कुलूप लावायचे. दार उघडलं की त्या घटकाभरात आतली हवा रस्त्यापर्यंत यायची. कांदा चिरताना झोंबावं तशी डोळ्यांना झोंबायची. रस्त्यानं शाळेच्या मुली नाकाला ओढणी लावून जायच्या. जितके पक्षी मरत तितके पडदे आणखी घट्ट होत, आणि जितके पडदे घट्ट तितके आणखी पक्षी मरत. पण हे मी आज लिहितेय. तेव्हा माळावरून मला फक्त एक बंद, काळपट पेटारा दिसायचा आणि त्याच्या दाराशी पाठ लावून बसलेले अप्पा.

एके दिवशी टाकीवरून अप्पांकडे जाणारा पाइप कापलेला दिसला. करवतीनं सरळ कापून तोंडात चिंधी कोंबली होती. अप्पा नाल्याकाठच्या जुन्या विहिरीचं पाणी मोटारीनं ओढू लागले होते. माधव त्या कापलेल्या तोंडाशी उकिडवा बसला. 

"तेच पानी आपन पिऊन राहिलो," तो म्हणाला. "त्यात मी काय टाकनार?"

"मग जाऊन तसं सांगा की त्यांना."

"सांगितलं तर म्हनल, चोराच्या मनात चांदणं. न्हाई सांगितलं तर म्हनल, गप बसलाय बघा." त्यानं चिंधी काढली आणि पुन्हा नीट बसवली. "काय बी केलं तरी मीच."

हे दोघे भाऊ एका ताटात जेवलेले. धाकट्याला विंचू चावला तेव्हा थोरल्यानं त्याला पाठीवर घेऊन लोह्यापर्यंत पळत नेलं, ही गोष्ट लग्न झाल्यावर मला पहिल्या महिन्यात ऐकायला मिळाली होती. माधव ती दर वेळी सांगताना थोडा गहिवरायचा. त्या हिवाळ्यात त्यानं ती एकदाही सांगितली नाही.

मग कॅमेरा आला. लिंबाच्या फांदीवर बांधलेला, तोंड आमच्या टाकीकडे आणि आमच्या शेडाच्या दाराकडे. अप्पांचा फोन बटणांचा, म्हणून ते चित्र बाईंच्या फोनवर दिसायचं. अप्पांनी बाईंना फोन घेऊन राखणीला बसवलं होतं. मी दाणा घेऊन निघाले की लिंबाकडे पाठ कशी करावी तेच सुचत नसे. पाटी खाली ठेवायची तरी हात दाखवत ठेवायची. खोकला आला तरी वाटायचं, ह्याचाही काही अर्थ लावला जाईल. आपण काही केलेलं नसताना आपल्याच हातापायांकडे चोरट्यासारखं बघायची सवय लागते. ती अजून पुरती गेलेली नाही.

कॅमेऱ्यात कोणी सापडलं नाही. अप्पांना वाटलं, मग चोराकडे किल्ली असणार. त्यांनी तो कॅमेरा काढला आणि शेडाच्या आत, आढ्याला बांधला.

त्याच दिवसांत येळवस आली. वेळ अमावास्या आमच्याकडची मोठी. सारं गाव रानात जेवतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड मांडून पूजा करायची, आणि मग सगळ्या भाज्या एकत्र घोटलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, मडक्यातली आंबील. आम्ही दोन्ही घरं दर वर्षी एकाच कोपीपाशी जेवत होतो, वाटणीनंतरही. त्या वर्षी सकाळी खाली बघितलं तर अप्पा एकटेच काळ्या रानात कोप बांधत होते. माधव काही न बोलता आमच्या माळावर दुसरी बांधू लागला. मुरमात मेख जात नव्हती.

तरी मी आंबिलीचं छोटं मडकं घेऊन बांधावर गेले. पद्धत मोडली असं आपल्याकडून होऊ नये, एवढंच मनात होतं. बाई पलीकडून आल्या. अप्पा कोपीपाशी बसून बघत होते.

"घेऊ नगं गं," ते तिथूनच बोलले. "आपली हाय केलेली."

बाई थांबल्या. मला वाटलं, आता परत फिरतील. त्यांनी माझ्या हातातून मडकं घेतलं, तोंडावरचं फडकं काढलं आणि उभ्याउभ्या, अप्पांच्या समोर, मडकं तोंडाला लावून आंबील प्यायल्या. सावकाश, घोट घोट. पदरानं ओठ पुसले.

"आंबट झालीय जरा," त्या मला म्हणाल्या, अप्पांनाही ऐकू जाईल अशा. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "उभी राहा. तुला काय तरी दावायचंय."

पदराआड त्यांनी फोन धरला. त्यावर शेडाच्या आतलं चित्र होतं. मला आधी काही कळलंच नाही. मधला भाग मोकळा, काळा. आणि दाराकडच्या टोकाला आणि भिंतींच्या कडेनं पांढरे पक्षी इतके खेटून, की खालचं तूस दिसत नव्हतं. एकमेकांच्या पाठीवर चढत होते, नखं रुतत होती, खालचा पंख फडफडवायचा आणि वरचा घसरायचा.

"चोर बघायला बसवलंय मला," बाई म्हणाल्या. "दोन दिस झाले बघून राहिले. चोर न्हाई आला. पन हे बघ. मधी एक बी पक्षी जाईना."

"मधी काय हाय?"

"चिखल. पान्याच्या नळ्या गळून राहिल्यात. मी आत असते तर मला कळलं असतं की न्हाई?" त्यांचा आवाज जरा फाटला. "त्येंला म्हन्लं तर म्हन्तेत, तुला कोनी शिकिवलं."

लोह्याजवळच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई नव्या आल्या होत्या. आमच्या शेळीला त्यांनी बरं केलं होतं, त्यांचा नंबर माझ्याकडे होता. बाई म्हणाल्या, "तू फोन कर. पन आल्यावर मीच बोलिवलं म्हनीन." 

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटीवर आल्या. अप्पांनी पहिलं विचारलं, कोणी बोलावलं. बाई म्हणाल्या, मी. दुसरं विचारलं, गाव कोणतं, आडनाव काय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बिलोलीकडची, आणि आडनाव सांगितलं. अप्पा नुसतं "हं" म्हणाले. घरात धुतलेल्या कपबशा असताना त्यांना चहा कागदी कपात आला. त्यांनी त्या कपाकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली. डॉक्टरीणबाईंनी चहा प्यायला, कप चुरगाळून स्वतःच्याच पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "किल्ली द्या."

हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून त्या आत गेल्या. थोड्या वेळानं डोळे पुसत बाहेर आल्या. बाभळीखाली पोतं अंथरून त्यांनी नुकताच मेलेला एक पक्षी त्यावर ठेवला, पंख उचलला आणि काळ्या कातडीवर बोट दाबलं. आतून बारीक कुरकुर असा आवाज आला. वाळलेल्या पानावर पाय पडावा तसा. त्यांनी अप्पांना हातमोजा दिला आणि म्हणाल्या, दाबून बघा. अप्पांनी दाबलं आणि हात झटकन मागे घेतला.

"कातडीखाली सडून वायू भरलाय," त्या म्हणाल्या. "हे विष नाही. विषानं असं होत नाही. हा कातडीचा आजार आहे. ह्याचे जंतू तुसात असतात, मातीत असतात. ह्या शेडात आहेत, वरच्या शेडातही असतील."

"मंग वरचे कसे जगले?"

"तुमच्याकडे मधली जागा ओली, म्हणून सगळे कडेला दाटलेत. दाटले की एकमेकांच्या अंगावर चढतात, नखांनी ओरखडतात. त्यात ओल, त्यात कोंडलेली हवा. ओल्या तुसावर बसून छातीची, पायांची कातडी आधीच नरम झालेली. जंतूला आत शिरायला ओरखडा पुरतो. पडदे कधीपासून बंद आहेत?"

 उत्तर बाईंनी दिलं. "पयले पक्षी मेले तवापासून."

"म्हणजे ज्या दिवशी उघडायला पाहिजे होते त्या दिवशी बंद केलेत."

मग त्या माळ चढून आमच्याकडे आल्या. मला मनातून वाटत होतं की त्या आता आमचं कौतुक करतील, अप्पांना ऐकू जाईल असं. त्यांनी एक पक्षी उलटा धरला. पायाच्या सांध्यावर तपकिरी डाग होते, भाजल्यासारखे. तळव्याला खपल्या. "तुमच्याकडेही सुरू आहे," त्या म्हणाल्या. "इथं जमीन उंच आहे, वारा लागतो, म्हणून थोडक्यात भागलं. नशीब समजा." जी जमीन नाइलाजानं वाट्याला आली तिनं आम्हाला वाचवलं होतं, आमच्या हुशारीनं नाही. माझा चेहरा उतरला असणार, कारण त्या जरा हसल्या.

अप्पा खालूनच म्हणाले, "टाकीतलं पानी तपासा."

डॉक्टरीणबाईंनी टाकीतलं पाणी बाटलीत भरून नेलं. पुढे कळवलं की पाण्यात काही नाही. अप्पा ऐकून म्हणाले, "तपासनारं बी मानूसच की."

पण ते पुढचं. त्या दुपारी स्कूटी वळणाआड गेली आणि बाई उठल्या. पडद्यांची दोरी एका खांबाला गुंडाळलेली होती. त्यांनी ती सोडली. अप्पा दाराशी उभे होते. मी आणि माधव बांधावर. बाई खांबामागून खांब गेल्या, ताडपत्रीचे खिळे विळ्यानं उपसले. पडदा खाली आला तसा आतली धुरकट हवा बाहेर पडली आणि पक्ष्यांचा आवाज एकदम मोठा झाला. बाईंना ठसका लागला, त्या वाकल्या, आणि पुन्हा दोरी धरली. अप्पांनी त्यांना अडवलं नाही. मदतही केली नाही.

मदतीला माधव गेला. कोणी बोलावलं नव्हतं. आमच्या कोठीतलं कोरडं तूस त्यानं पोत्यांत भरलं, खांद्यावरून खाली नेलं आणि फावडं घेऊन सरळ शेडात शिरला. जरा वेळानं अप्पाही दुसरं फावडं घेऊन आत गेले. दोघं पाठीला पाठ करून मधला चिखल उपसत होते. ओलं तूस शेणाच्या पोवासारखं निघत होतं. गळक्या नळ्या माधवनं बदलल्या, आजारी पक्षी बाजूला काढले, मेलेले नाल्याच्या वरच्या अंगाला खोल खड्डा खणून चुना टाकून पुरले. दिवस मावळेपर्यंत दोघांत एक शब्द झाला नाही. तरी त्या पाठींमध्ये काहीतरी हललं असं मला वाटलं. मी माधवला तसं म्हटलं.

"उगं काय बी मनात आनू नकोस," तो म्हणाला. "त्याला वाटत असंल, पुरावा पुरायला आलाय."

औषधानं आणि हवेनं मरणं हळूहळू थांबलं. मग कंपनीची गाडी आली, सुपरवायझर आला. त्यानं अप्पांचे उरलेले पक्षी बघितले, शेडाभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "एवढे मेले म्हणताय? का बाहेर काढले?"

अप्पांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांचा हात शर्टाच्या गुंडीवर गेला आणि तिथंच राहिला. कंपनीचे पक्षी चोरून विकणं, हा ह्या धंद्यातला सगळ्यात वाईट आळ. मग त्या शेतकऱ्याला कोणी पुन्हा पिल्लं देत नाही, शेड रिकामं पडतं आणि गाव कारण विचारत राहतं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "मेले. मी कशाला इकू?"

"सगळे असंच म्हणतात. वरच्या शेडात का नाही मेले? एकाच गाडीतले तर आहेत."

अप्पांनी माधवला ऐकवलेले तेच शब्द. मी बांधापलीकडे उभी होते, ऐकून माझ्या अंगावर काटा आला. अप्पांनीही ते ओळखले असणार. त्यांनी मान वर केली नाही. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी थोडं बरं वाटलं. आणि माधवही आता गप्प बसेल असं वाटलं. त्याला तसा हक्क होता.

माधव पुढे झाला. "म्या माझ्या हातानं पुरलेत," तो म्हणाला. "चला. खड्डा उकरून दावतो. तुमच्यासमोर उकरतो."

"तुम्ही भाऊच त्यांचे. तुमची साक्ष काय धरायची?"

"भाऊ हाय म्हनूनच धरा. मागल्या महिन्यापासून हा माझ्याशी बोलत न्हाई. माझ्यावर इख घातल्याचा आळ हाय त्याचा. मी खोटं कामून बोलू?"

सुपरवायझर दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. माधवनं खरंच फावडं घेतलं आणि नाल्याकडे चालू लागला. पहिल्या दोन-चार फावड्यांतच जो वास आला त्यानं सुपरवायझर रुमाल लावून मागे सरला आणि हातानंच पुरे म्हणाला. माधवनं माती परत ओढली. अप्पा तिथं आले, त्याच्या हातातून फावडं घेतलं आणि उरलेली माती स्वतः लोटली.  घरी जाताना माधव पुढे आणि अप्पा मागे, अशी ती वाट दोघांनी बरोबर चालली.

पुढच्या वर्षी अप्पांनी शेडाची जमीन भरून उंच करायची ठरवली. मुरूम आमच्या माळावरून नेला. न विचारता नाही, बाईंकरवी विचारून. टाकीचा पाइप कोणीतरी जोडला होता. माधव म्हणतो मी नाही जोडला, अप्पा तर त्यावर बोलतच नाहीत. डॉक्टरीणबाई मधून मधून येतात, बाई त्यांना घरातल्या कपात चहा देतात. अप्पा त्या वेळी बहुधा बाहेर कुठंतरी असतात. झाल्या गोष्टीची माफी कोणी मागितली नाही. आमच्याकडे तशी रीत नाही, आणि मागितली असती तर मी ती खरी मानली असती का, मला सांगता येत नाही.

आता ह्या वर्षी पुन्हा आभाळ आलंय. परवा सकाळी आमच्याच शेडात, मावळतीकडच्या भिंतीशी, एक मोठा पक्षी मरून पडलेला दिसला. मी हातमोजा घालून पंख उचलला. खाली काळं होतं. माझी मान वर झाली आणि नजर आधी जाळीतून खाली गेली, अप्पांच्या शेडाकडे. ते दारात बसून दोरी वळत होते. नजर तिकडे का गेली हे कळायला मला फार वेळ लागला नाही, पण गेली होती. मग मी गुडघ्यावर बसले आणि तूस चाचपलं. भिंतीच्या कडेचं सगळं ओलं. वर पाहिलं तर पत्र्याचा खिळा उचकटून भोक पडलं होतं, आणि दवाचं पाणी त्यातून थेंब थेंब आत येत होतं.

मी बाहेर आले तेव्हा अप्पा बांधापाशी येऊन उभे होते. "काय गं संगीता," त्यांनी विचारलं, "काय सापडलं?"

त्यांनी माझं नाव घेऊन मला विचारावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. ते कशासाठी विचारतायत, आत खूश झालेत का, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. तरी मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "वर या. बघून जा."

ते आले. जंतू आत येऊ नयेत म्हणून दारात पसरलेल्या चुन्यात पाय बुडवून आत आले, पक्षी बघितला, तूस मुठीत धरून दाबलं, पत्रा बघितला. म्हणाले, "माधवला बोलाव. पत्रा आत्ताच ठोकला पायजे. शिडी मी धरतो."

माधव हातोडा घेऊन आला आणि दवानं निसरड्या झालेल्या शिडीवरून वर चढला. अप्पांनी खाली पाय रोवून दोन्ही हातांनी शिडी धरली होती. पक्ष्यांना दाणा टाकायचा होता, चूल पेटवायची होती, पण मी तिथून हलले नाही. माधव खाली उतरेपर्यंत मी अप्पांच्या हातांकडे बघत उभी राहिले.